झुंबरमामीची लाल कमळं

झुंबरमामी काय बनवते आहे, हे ते बनून होईपर्यंत कोणालाच कळायचं नाही. बहुतेक वेळा तिलाही नाही. "मामी, हे तोरण आहे का?" असं विचारलं की ती हातातला कागद उलटसुलट करून म्हणायची, "पाहू ना माय, काय होऊन राह्यलं ते." राळेगावकडच्या आमच्या गावातल्या निम्म्या लग्नांचे मंडप तिने असेच सजवले. जुन्या बांगड्यांची झुंबरं करायची, म्हणून लहानथोर सगळ्यांची ती झुंबरमामी.

तिचा मुख्य माल म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेवर देवाचं चित्र असतं, फेकवत नाही, म्हणून लोक त्या तिच्या ओसरीवर आणून ठेवायचे. गणपती असो की बुद्ध, ती आधी चित्र अलगद कापून डब्यात ठेवायची आणि मगच उरलेल्या कागदाला हात घालायची. "देवाले कात्री लावाची नाही," ती म्हणायची, "नवरा-नवरीचं चालते. ते तसेही जन्मभर एकमेकाले कापतेच." छापील बाजू आत दुमडायची, रंगीत बाजू बाहेर, आणि पिठाच्या खळीने चिकटवून कमळं करायची.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी अख्ख्या गावाचा कापूस घरातच पडून होता. खरेदी आज सुरू, उद्या बंद. आम्ही तर कापसाच्या ढिगावरच अंथरुणं घालायचो. बाबांनी मंडपवाल्याला नको म्हणून कळवलं आणि मामीला निरोप धाडला. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? मारेगावची सासरची माणसं काय म्हणतील, याच काळजीत मी आठ दिवस काढले. पण सकाळी लग्न लागलं आणि संध्याकाळी रिसेप्शनला शाळेच्या मैदानात पाऊल टाकलं, तर माझी मलाच लाज वाटली. लालसोनेरी कमळांनी मंडप नुसता झुलत होता. सासूबाईंनीही मान वर करून पाहिलं.

स्टेजवर बसल्यावर कोणीतरी मोठा पंखा आमच्याकडे वळवला. माझ्या खुर्चीवरचं कमळ गरगरलं, खळ सुटली आणि एक पाकळी उलगडली. चि. विलास. माझ्या नवऱ्याचं नाव, खाली सासऱ्यांचं नाव, गाव मारेगाव. आणि शेजारी नवरीचं नाव म्हणून भलत्याच मुलीचं. मी दोनदा वाचलं. मग दुसरी पाकळी ओढून पाहिली. तिच्यातही तेच.

"हे काय आहे?" मी विलासला विचारलं.

त्याचा चेहरा पडला. "थे लग्न मोडलं होतं. पत्रिका वाटाच्या आधीच. तुह्या बाबाले सांगतलं होतं आम्ही. तुले नाही सांगतलं त्यायनं?"

बाबा पंगतीत बुंदी वाढत होते, अगदी हसतमुखाने. मला काहीच समजेना. रडावं की उठून घरी जावं? अंबाडा सैल झाला असं सांगून मी खाली उतरले आणि थेट शाळेच्या खोलीत गेले. मामी खळीचं पातेलं घासत होती.

"मामी, या पत्रिका कुठून आणल्या?"

"मारेगावून. बहिणीकडं गेलती तवा. अख्खा गठ्ठा भेटला, कोरा करकरीत. काहून?"

मी पाकळी पुढे केली. तिने ती डोळ्यांजवळ धरली. "माय वो! मी रंग पाह्यला व, नाव कोण वाचते?"

"मामी, मी आता त्या स्टेजवर जाऊ की नको?"

तिने पदराला हात पुसले. "तुह्या नवऱ्यानंच देल्ता गठ्ठा. आता चेहरा ध्यानात आला. डोळे भरून आलते त्याचे. म्हणे, मावशी, जाळू नका, कोणाच्या तरी चांगल्या लग्नात लावजा. जाय तू."

मी गेले. त्याच दिवशी त्याच्या घरीही गेले. बाबांशी मात्र कितीतरी दिवस बोलले नाही.

पुढे संसार मुरला, मुलं मोठी झाली. मामी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी, एकदा सहज विलासला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मी? मी कोणालेच देल्ल्या नाही त्या पत्रिका. मायनं रद्दीत घातल्या."

आता हाच विसरला, की मामीने दुसऱ्याच कुणा पोराचा चेहरा याला चिकटवला, की पातेलं घासता घासता ती गोष्ट तिने तिथल्या तिथे रचली? मी पुष्कळ डोकं चालवलं, उलगडा होत नाही. खोटं बोलली असेल तर तिच्याशी कडकडून भांडावं असं वाटतं, आणि त्याच क्षणी तिच्या खळीने माखलेल्या हातांवर डोकं ठेवावंसंही वाटतं. ज्या माणसाबरोबर माझा जन्म गेला, त्याच्याकडे मी त्या एका वाक्याच्या भरवशावर गेले. ते वाक्य कोणाचं होतं, हे विचारायला आता मामी नाही.