ॲव्हरिलसाठी दोन चिठ्ठ्या

पेनवर बेटावर दाराला कुलूप लावायची रीत नाही. शेजारीण घरात नसली तरी खुशाल आत जावं, लोणी हवं तर लोणी घ्यावं, शिडी हवी तर शिडी, आणि टेबलावर चिठ्ठी ठेवून यावं: 'लोणी नेलं. मंगळवारी आणते.' चिठ्ठी ठेवली की ती चोरी नाही. न ठेवता नेलं, तर मात्र सात पिढ्यांचा उद्धार होतो. हेडली पेंडर अशा चिठ्ठ्या ठेवत ठेवतच त्रेसष्ट वर्षांचा झाला होता, आणि त्याच सवयीने शेवटी त्याला गोत्यात आणलं.

हेडली बोट चालवायचा. पेनवरहून मोठ्या बेटावर आणि परत. भरती-ओहोटीप्रमाणे बोटीच्या वेळा रोज बदलतात, म्हणून सकाळी धक्क्यावरच्या फळ्यावर त्या खडूने लिहायच्या, हेही त्याचंच काम. अक्षर मोठं, डावीकडे कललेलं, आणि ओळ संपताना खडू उचलायचा तर एक शेपूट ओढूनच. चाळीस वर्षं रोज बघितलेलं अक्षर. बेटावरच्या कुत्र्यांनाही ते वाचता येतं, असं लोक म्हणायचे.

ॲव्हरिल लेग त्याच्याबरोबर शाळेत होती. आता ती बेटाचं दुकान आणि टपाल सांभाळायची, आणि बावीस वर्षं पेनवरच्या वतीने कौन्सिलवरही होती. जागा एकच, मतदार ऐंशी-एक्क्याऐंशी. बावीस वर्षांत तिच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. दर खेपेला तिच्या अर्जावर सूचक म्हणून सही असायची ती हेडलीची. त्याची बायको डॉर्कस शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा ॲव्हरिलने दुकानाला 'हवं ते घ्या, चिठ्ठी ठेवा' अशी पाटी लावून चौदा दिवस तिच्या उशाशी काढले होते. या बाईसाठी हेडली एक सही करणार नाही तर काय?

यंदाही सही केली. मात्र यंदा रूपर्ट स्टॅनिंगही उभा राहिला. सहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मुख्य भूमीवरून आलेला, उंच, गोड बोलणारा, टोपी काढून नमस्कार करणारा माणूस. त्याचं म्हणणं एकच: आधी धक्का लांबवायचा. ओहोटीला बोट लागते ती खालच्या शेवाळलेल्या पायऱ्यांना, आणि तिथून माणसं, पेट्या, गॅसच्या टाक्या वर ओढायच्या त्या हेडलीने. ॲव्हरिल म्हणायची, आधी शाळेचं छप्पर. चार का होईना, मुलं आहेत.

गेल्या जानेवारीत हेडली त्याच पायऱ्यांवर घसरला होता. गुडघा अजून रात्री ठणकायचा. तो कुणाला सांगायचा नाही, पण धक्का लांबवायचं ऐकलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, हे खरं.

"काय रे हेडली," मतदानाच्या आदल्या दिवशी ॲव्हरिल दुकानाच्या दारातून म्हणाली, "फितला नाहीस ना स्टॅनिंगला? गोड बोलतो हो मेला."

"अगं, तुझ्या अर्जावर सही कुणाची आहे?"

"म्हणूनच विचारते. सही करणारेच आधी पळतात." आणि ती खो खो हसली. हेडलीही हसला. चोराच्या मनात चांदणं. त्याला आपलं हसू जरा जास्तच मोठं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात, लाकडी आडोशामागे, दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. दोन नावं. वर लेग, खाली स्टॅनिंग. गुडघा ठणकत होता. त्याने खालच्या नावापुढे फुली मारली.

कागद घडी घालून पेटीत टाकायचा आणि घरी जायचं, एवढंच राहिलं होतं. पण त्याचा पाय निघेना. ॲव्हरिलचं काहीतरी उचलून नेतोय, आणि टेबलावर चिठ्ठी नाही, असं त्याला मनापासून वाटलं. माणूस असा असतो बघा: विश्वासघात करायला कचरत नाही, पण रीत सोडायला कचरतो. त्याने पुन्हा पेन्सिल उचलली आणि ॲव्हरिलच्या नावाशेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'माफ कर, ॲव्हरिल. धक्क्यासाठी.' नाव घातलं नाही. तेवढी अक्कल होती. हे मशीनमध्ये जाईल, किंवा पोतडीत, कोण वाचत बसणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. घरी जाऊन तो गाढ झोपला. याचीच त्याला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

सकाळी सीलबंद पेटी त्याच्याच बोटीतून मोठ्या बेटावर मोजणीला गेली. ॲव्हरिल आणि स्टॅनिंगही त्याच बोटीत. ते आत नगरभवनात गेले आणि हेडली बोटीत बसून मांसाची करंजी खात राहिला. तासाभराने दोघं परत आली. स्टॅनिंगच्या कोटाला फूल होतं.

"अडतीस विरुद्ध सदतीस," ॲव्हरिल म्हणाली. "एका मताने पडले रे." ती पुढच्या फळीवर बसली, थर्मास उघडला, आणि नेहमीप्रमाणे पहिला कप हेडलीला दिला. "घे. गार होईल."

त्याने घेतला. चहा कसा लागला ते त्याला आठवत नाही.

एका मताने! शंभराने पडली असती तर लोक विसरून गेले असते. पण एका मताला तोंड असतं, नाक असतं, घर नंबर असतो. खानावळीत त्याच संध्याकाळी हिशेब सुरू झाला. ॲव्हरिलला दारात 'हो' म्हणालेले अडतीस जण बोटांवर मोजले गेले. म्हणजे एक फुटला. मग कुणाला तरी आठवलं की मार्चमध्ये लव्हडे वुडकॉक टपालाच्या पार्सलावरून ॲव्हरिलशी कडाकडा भांडली होती. लव्हडे म्हणजे फुलशेती करणारी एकटी, फटकळ बाई. झालं. साप साप म्हणून भुई धोपटायला एवढं पुरतं.

"मी नाही दिलं त्याला!" लव्हडे ओरडून सांगायची. "भांडते म्हणून काय दगा देईन? भांडणाऱ्या बायका तोंडावर देतात!"

कुणी ऐकेना. बुधवारच्या पत्त्यांना तिच्या टेबलावर कुणी बसेना. मे महिन्यात ती नावेच्या शर्यतीच्या सरावाला गेली, तर तिच्या वल्ह्यावर दुसरीच बाई बसलेली.

"हेडली, तू अर्जाचा सूचक," खानावळवाल्याने एकदा भर गर्दीत विचारलं. "तुला काय वाटतं? लव्हडेच ना?"

हेडली त्या वेळी बोलू शकला असता. सगळे होते. एका वाक्याचं काम होतं. तो ग्लासात बघून म्हणाला, "कुणाच्या मनातलं कोण सांगणार?"

म्हणजे त्याने नाही म्हटलं नाही. लोकांनी त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि तसा घेतला जाईल हे त्याला माहीत होतं. त्या रात्रीपासून लव्हडेच्या फुलांच्या पेट्या बोटीत चढवताना तो तिच्याकडे बघेनासा झाला. ती तरी बिचारी म्हणायची, "तू एकटा तरी मला वाकडं बोलत नाहीस रे." त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ॲव्हरिल मात्र कुणाला दोष द्यायची नाही. दुकानात विषय निघाला की म्हणायची, "मत ज्याचं त्याचं. बटाटे किती देऊ?"

जूनमध्ये एका सकाळी बोट भरलेली होती. आठ-नऊ पेनवरकर आणि स्टॅनिंग, कौन्सिलच्या बैठकीला निघालेला. तो खुशीत होता.

"एक गंमत सांगतो," तो म्हणाला. "मोजणीत एक मतपत्रिका निघाली. फुली माझ्यापुढे, आणि वर चक्क लिहिलेलं: माफ कर, ॲव्हरिल, धक्क्यासाठी!"

बोटीत हशा पिकला.

"मग हो?" एकाने विचारलं.

"मग अधिकाऱ्याने आम्हा दोघांना बोलावून तो कागद दाखवला. मतदार कोण ते लिखाणावरून कळत असेल तर मत बाद, नाहीतर ग्राह्य, असा नियम. मला काय कळणार? मी फळ्यावरच्या आकड्यांपलीकडे इथलं काही वाचत नाही. त्याने मिसेस लेगना विचारलं, अक्षर ओळखता का? त्यांनी चष्मा लावला, नीट बघितलं, आणि म्हणाल्या, नाही हो, कुणाचंही असेल. म्हणून ते मत मला मिळालं. बाद झालं असतं तर सदतीस-सदतीस, आणि चिठ्ठ्या टाकून निकाल. खऱ्या सचोटीची बाई, नाही का?"

"लव्हडेचं अक्षर ॲव्हरिलला नाही कळलं?" मागून कुणीतरी पुटपुटलं. "रोज पत्रं हाताळते ती."

हेडली समोर बघत राहिला. चष्मा लावून नीट बघितलं. चाळीस वर्षं ज्या फळ्यासमोरून ती दुकान उघडायला जाते, त्या फळ्याचं अक्षर तिने ओळखलं नाही म्हणे! एक शब्द बोलली असती तर तिची जागा अजून हातात होती, निदान अर्धी. पण भर नगरभवनात हेडलीचं नाव घ्यावं लागलं असतं. तिने नाव गिळलं, जागा सोडली, बोटीत येऊन बसली आणि पहिला कप त्याला दिला.

रात्रभर तो ओट्यावर बसून होता. ॲव्हरिलकडे जाऊन तोंडाने सांगावं, असं दहादा ठरवलं. धीर होईना. ज्याला तोंडाने बोलायची छाती नसते, त्याला लिहायचं फार सुचतं. उजाडताच तो धक्क्यावर गेला, फळा पुसला आणि लिहिलं:

'लव्हडेने ॲव्हरिललाच मत दिलं. फुटलेलं मत माझं. माफ कर, ॲव्हरिल. हेडली.'

शेवटी नेहमीचं शेपूट. लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, पण तेवढ्यात लोक येऊ लागले. एक थांबला, दुसरा थांबला. लव्हडे फुलांच्या पेट्या घेऊन आली, वाचलं, पेटी खाली ठेवली आणि त्याच्या तोंडावर म्हणाली, "दोन महिने! दोन महिने मी तुला माणूस समजत होते." मग स्टॅनिंग आला. त्याने फळा वाचला. मग पुन्हा वाचला, या वेळी शब्द नव्हे, वळण. अक्षराचा कल, ते शेपूट. सगळ्यांच्या देखत त्याने दुकानाकडे मान वळवली.

ॲव्हरिल दारात उभी होती. ती हळूहळू धक्क्यावर आली. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि हेडलीला आत्ता, या क्षणी कळलं की ते त्याच्याकडे बघतच नव्हते.

"मिसेस लेग," स्टॅनिंग हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही तर म्हणाला होतात..."

"खोटं बोलले होते," ॲव्हरिल म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. बावीस वर्षं जिच्या शब्दावर बेट चाललं, तिने मान खाली घातली. मग हेडलीकडे वळून, फक्त त्याला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आयुष्यात एकदाच खोटं बोलले होते रे. तेही तुझ्यासाठी. तेवढं तरी राहू द्यायचं होतंस. लव्हडेचं तोंडाने सांगितलं असतंस तर चाललं नसतं का?"

"ॲव्हरिल, मी..."

"आजची बोट किती वाजता, ते लिही. माणसं खोळंबलीत."

ती दुकानात परत गेली. लव्हडे तिच्या मागोमाग गेली, आणि आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला. हेडलीने खडू उचलला. फळ्यावर खाली थोडीच जागा उरली होती. सगळे बघत असताना त्याने तिथे बोटीच्या वेळा लिहिल्या, आणि शेपूट न ओढण्याचा त्याने प्रयत्न केला, पण हाताला चाळीस वर्षांची सवय होती, ते आलंच.