सुकेशनीशिवाय न उघडणारे फोटो

सुकेशनीच्या पायांची सूज माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. महिन्यापूर्वी तिनं स्टुडिओतल्या नव्या पडद्याचा फोटो पाठवला होता, निळ्या ढगांचा. मी पडदा पाहिलाच नाही. फोटोच्या कोपऱ्यात खुर्चीखाली तिचे पाय आले होते. दोन बोटांनी फोटो मोठा केला तर घोटे दिसेनात, आणि पायात जोडवी नव्हती. फोन केला तर म्हणाली, "बोटं आवळत होती, काढून ठेवली. तू बी काय काय पाहतं आई."

तिला आता आठवा महिना आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्यातच ती इथं कारंज्याला यायला हवी होती. मागची खोली मी पुसून ठेवली, गादी नवी भरून आणली. ती मात्र आसेगावला कॉम्प्युटरपुढे बसली आहे. सासरी तिला कोणी छळतं असं नाही. तिच्या ताटात दूध असतं, अंडी असतात, तिच्याशी कोणी वरच्या आवाजात बोलत नाही. फक्त ती उठली की स्टुडिओ थांबतो.

याची सुरुवात माझ्यापासून झाली. मी इथल्या एका शाळेत ग्रंथालयात काम करते. बी. ए. झाले, पण पुढे काही करता आलं नाही, म्हणून मुलीच्या हातात काहीतरी असावं ही माझी ओढ. बारावीनंतर तिला शफीकभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोटो एडिटिंग शिकायला घातलं. सहा महिन्यांनी शफीकभाई म्हणाले, "ताई, तुमची पोरगी माऊस नाही, सुई चालवते." माझ्या वडलांचा एकच फोटो घरात होता, मधोमध दुमडलेला, घडीवर चेहरा उडालेला. तिनं चार दिवस बसून तो सांधला. उडालेला डोळा दुसऱ्या डोळ्यावरून तयार केला.

स्थळ आलं तेव्हा मुलगी बघायला विहीण रामीबाई स्वतः आल्या. मुलाचा, म्हणजे संघपालचा, आसेगावच्या स्टँडजवळ फोटो स्टुडिओ. मी पोहे दिले आणि तो फोटो पुढे ठेवला. स्वयंपाकाचं, शिवणाचं काही सांगितलं नाही. रामीबाईंनी मुलीपेक्षा जास्त वेळ फोटो पाहिला. मग म्हणाल्या, "आमाले पसंत हाय." दोन वर्षं मी ही गोष्ट मोठ्या ठसक्यात सगळ्यांना सांगत होते.

लग्नाचा एक हंगाम म्हणजे किती फोटो, ते मला तिच्याकडे गेल्यावर कळलं. संघपाल एका लग्नातून दोन-अडीच हजार फोटो आणतो, कार्ड तिच्यापुढे ठेवतो आणि दुसऱ्या लग्नाला निघतो. त्यातून निवडणं, उजळणं, पानं लावणं सगळं तिच्याकडे. आणि आमच्या भागात अल्बम म्हणजे नुसती नवरा-नवरी नव्हे. आहेर देणाऱ्या प्रत्येकाचा फोटो त्यात लागतो. धाकट्या मामाचा सुटला तर तो मामा पुढच्या लग्नाला येत नाही. म्हणून सुकेशनी एकेका फोटोला नात्याचं नाव देते. तेही तिच्या खुणांनी, 'मा२ आ', 'मोआ बाळ'. तिचं ते मोठं सॉफ्टवेअर तिच्याशिवाय कोणाला चालवता येत नाही आणि त्या खुणा कोणाला वाचता येत नाहीत. संघपालला त्यात फोटो नुसता कापायचा झाला तरी तो हाक मारतो, "सुकेशनी, जरा ये बरं."

होळीनंतर मी रामीबाईंना विचारलं, पोरीला कधी पाठवता.

"इनबाई, तुमची लेक तुमचीच हाय," त्या म्हणाल्या. "पन तिच्यावाचून दुकान कसं चालन ते सांगा. बारा लग्नं घेऊन ठेवली. तुमीच मशीन चालवणारी पोरगी देल्ली, आता मशीन ठेवता अन् पोरगी नेता?"

हसत म्हणाल्या त्या. मीही हसले. घरी येऊन मात्र मला एकच सुचत होतं. काम इतकं सोपं करून ठेवायचं की ते कोणालाही यावं. मग तिला अडवायला कारणच उरणार नाही.

शाळेतून आल्यावर मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर एकेक सॉफ्टवेअर पाहू लागले. परीक्षेला मी रामीबाईंना डोळ्यांपुढे धरलं होतं. वय बावन्न, सातवी पास, हात शेतात आणि चुलीवर तयार झालेला. त्यांना माझ्याशिवाय जमलं तरच ते सोपं. पहिलं दिसायला देखणं होतं, पण प्रत्येक गोष्टीला आधी थर, म्हणजे लेयर, उघडायला सांगायचं. दुसरं सगळे फोटो इंटरनेटवर चढवून मगच काम करायचं. लोकांच्या लेकीसुनांचे फोटो असे कुठं पाठवायचे, आणि आसेगावला नेटवर्क म्हणजे गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहायचं काम. तिसऱ्यात केलेली चूक मागे घेता येत नव्हती. माझे यजमान राजपाल पलीकडून म्हणाले, "सोयरीक जमवतानी इतकी स्थळं नाही पाह्यली तुवं."

चौथं मला पटलं. फुकट होतं, मेनू हिंदीत होता, नेट लागत नव्हतं. उजव्या हाताला उजेड, रंग, कापणं अशा मोठ्या पट्ट्या. ओढल्या की फरक तिथल्या तिथं दिसे आणि मूळ फोटो वेगळा राही. डाव्या हाताला तारखेवार फोटो. आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे ते चेहरे ओळखायचं. एका माणसाचे सगळे फोटो आपोआप एका जागी आणून विचारायचं, हे कोण. नाव एकदाच द्यायचं. ग्रंथालयात मी वीस वर्षं पुस्तकं लावते आहे; कपाटानंच पुस्तकाला ओळखावं असं वाटलं मला.

शफीकभाईंकडून पेन ड्राइव्हमध्ये घेऊन मी एका रविवारी आसेगावला गेले. संघपाल लग्नात होता. रामीबाई म्हणाल्या, "लावा बरं. पाहू तुमची जादू."

आणि त्यांना ते आलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर आलं, कारण पंचक्रोशीतले चेहरे त्यांना पाठ आहेत. पडद्यावर चेहरा आला की त्या सांगायच्या, "हा मंगरुळचा, दुकानवाला. ही त्याची सायी, बायकोची बहीण. हा माणूस कोनाच बी लग्नात जेवाले येते, याचं नाव कायले टाकता." सुकेशनी मागे खाटेवर बसून पाहत होती. एकदाही हसली नाही. मला वाटलं, थकली असेल.

मधेमधे ते सॉफ्टवेअर दोन फोटो शेजारी ठेवून विचारायचं, ही एकच व्यक्ती आहे का. खाली दोन बटणं, हो आणि नाही. रामीबाई तिथं थांबायच्या, दर वेळी माझ्याकडे बघायच्या. बसची वेळ होत आली होती. मी म्हटलं, "त्याले समजते ते. विचारलं की हो दाबत जा."

तीन आठवडे मला रामीबाईंचा रोज फोन यायचा. आज दीडशे झाले, आज अकोल्याच्या लॅबला अल्बम छापायला गेला. राजपाल म्हणाले, "इनबाईनं तुले मागं टाकलं." मी गाडीवाल्याला सांगून ठेवलं होतं, येत्या शनिवारी पोरीला आणायचं.

मग धनजचा अल्बम आला. रामीबाईंच्या नात्यातल्या दोन बहिणी, संगीता आणि रंजीता, एकाच मांडवात लग्न झालेलं. आमच्यात नवरीचं पातळ पांढरं, दोघींचं सारखंच, गजरेही सारखेच, दोघींत वर्षाचं अंतर. सॉफ्टवेअरनं विचारलं, ही एकच का. रामीबाईंनी हो दाबलं. दोघींचे फोटो एका नावाखाली गेले, तिथून उचलून अल्बममध्ये. थोरल्या संगीताच्या सासरी पाहुणे जमवून अल्बम उघडला. पहिल्या पानावर तिचा नवरा. चौथ्या पानावर तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि त्याच्या गळ्यात हार घालणारी, बघणाऱ्याला वाटावं, तीच.

सासऱ्यानं अल्बम मिटला म्हणे आणि विचारलं, "किती नवरदेव होते वो?"

रामीबाईंनी मला फोन केला. राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. "मले दिसत होतं, हे रंजीता हाय. माह्या मांडीवर खेळली ते पोरगी. पन तुमी सांगतलं, हो दाबा. म्या म्हटलं, शिकलेली बाई सांगून राह्यली, आपल्या डोयाचं काय घेऊन बसा."

त्यांना येत होतं ते मीच दाबायला लावलं होतं.

"आता सुकेशनीलेच बसू द्या," त्या म्हणाल्या. "सीझन होऊ द्या, मंग न्या." सीझन होईल तेव्हा तिचे दिवस भरलेले असतील, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

आज मी न सांगता गेले. दुपारची बस, मंगरुळपीरला बदलून आसेगाव. स्टुडिओत सुकेशनी एकटी. शटर उन्हासाठी अर्धं खाली ओढलेलं, आत वाकून जावं लागलं. पाय तिनं उलट्या बादलीवर ठेवले होते. धनजचे दोन्ही अल्बम ती पुन्हा लावत होती. पाणी घ्यायला ती आत गेली आणि मी तिच्या पिशवीत दवाखान्याचं कार्ड शोधलं. शोधायला नको होतं, पण शोधलं. रक्तदाबाच्या रकान्यात गेल्या तीन वेळा आकडा चढत गेला होता. शेवटचा एकशे पन्नास, खाली शंभर. त्याखाली लिहिलं होतं, विश्रांती, मीठ कमी, आठवड्याला तपासणी, डोकं दुखल्यास लगेच येणे.

"हे कोणाले माहीत आहे?" मी विचारलं.

"ठेव ते."

"संघपालले?"

"त्याले सांगतलं नॉर्मल हाय. आई, बोंब नको मारू. आठ दिवसांचं काम हाय."

"डोकं दुखते का तुहं?"

तिनं माऊस सोडला नाही. "उन्हानं दुखते."

मी म्हटलं, त्या सॉफ्टवेअरचं मी पुन्हा बघते, या वेळी नीट शिकवते, 'नाही' कुठं दाबायचं तेही सांगते. मी बोलतच राहिले. ती थांबली आणि माझ्याकडे वळली. खुर्चीसकट वळली, कारण आता तिला नुसतं वळता येत नाही.

"आई, लॅबले जायच्या आधी म्या तो अल्बम पाह्यला होता."

मला आधी कळलं नाही.

"चौथं पान. म्या पाह्यलं. म्हटलं, जाऊ दे."

"काहून?"

"तू रोज फोनवर आत्याबाईले म्हणे, पाहा किती सोपं हाय, कोणालेबी येते. मंग मी कोण? या घरात मले खुर्ची देते ते याच्यानं देते. रूपावहिनी पाहिली ना? आत्याबाईची मोठी सून. पहाटी चारले उठते, वावरात जाते, अन् नाव बी घेत नाही कोणी तिचं. माहं काम आत्याबाईले आलं तं मी बाळ घेऊन परत येईन तवा माह्या जागेवर त्या बसल्या असतीन."

मग म्हणाली, "मले यायचं हाय घरी. तसं नको समजू. पण असं रिकामं होऊन नाही यायचं."

बाहेर कोणीतरी पासपोर्ट फोटोसाठी आलं. तिनं पदर सारखा केला, उठून कॅमेऱ्यापाशी गेली, त्या माणसाला म्हणाली, "हनुवटी खाली घ्या काका." निघताना तिनं माझं मनगट धरलं. "कार्डाचं कोणाले सांगशील तं मी तुह्याशी बोलणार नाही. खरंच नाही बोलणार." मी मान हलवली. संघपाल लग्नातून आणि रामीबाई शेतातून यायच्या आत मी बसमध्ये होते.

जेवणं झाली, राजपाल झोपले. तेव्हापासून मी हे लिहीत बसले आहे. दोन महिने मी एका सोप्या गोष्टीच्या मागे होते आणि सरळ गोष्ट एकदाही बोलले नाही. माझी मुलगी आजारी आहे, तिला पाठवा, हे शब्द मी कोणालाच म्हटले नाहीत. तिचं काम हलकं करून तिला सोडवायला गेले, आणि त्या घरात टिकून राहायला तिनं ते कामच धरून ठेवलं आहे, हे मला दिसलं नाही. वडलांचा फोटो पुढे ठेवून मीच तिला सांगितलं होतं की तिची किंमत इथं आहे. तिनं ते ऐकलं.

संघपालला फोन करून उपयोग नाही. तो आईकडे बघेल. सुकेशनीला करून काय, ती उचलेल आणि उन्हाचं कारण सांगेल. दिवसा रामीबाईंचा फोन स्टुडिओच्या काउंटरवर असतो आणि तो सुकेशनीच उचलते. शटर वर जायच्या आधी, साडेपाचला, त्या अंगणात सडा टाकतात तेव्हा फोन त्यांच्या कमरेला असतो.

साडेपाचला मी रामीबाईंना फोन करणार आहे. आधी आकडा सांगीन, एकशे पन्नास-शंभर, आणि तो तीनदा चढला हे सांगीन. रामीबाईंच्या थोरल्या नणंदेचं आठव्यात बीपी चढून काय झालं ते त्यांनी स्वतःच मला एकदा सांगितलं आहे, त्यांना आकडा समजावून सांगावा लागणार नाही. मग सांगीन की गाडी सातला येते, शनिवारची ती मी रद्द केलीच नव्हती. राहिलेल्या लग्नांचे फोटो कार्डांत तसेच राहू द्या, कोणी हात लावू नका, ती बाळंतपणानंतर चाळीस दिवसांनी परत येऊन लावेल. गिऱ्हाईकांना तसं सांगा, मी सांगते हवं तर. आणि ते सॉफ्टवेअर काढून टाका, हेही सांगीन.

सुकेशनी गाडीत माझ्याशी बोलणार नाही. न बोलू दे. आता चारला दहा मिनिटं कमी आहेत. फोन चार्जिंगला लावला आहे.