डोळे आखणारा हात

१२ ऑगस्ट. काम एकच उरलेलं: चाळीस मूर्तींच्या डोळ्यांची आखणी. रोह्याचा व्यापारी दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घेऊन येणार होता. हमरापूरच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात रंग आम्ही सगळेच देतो, डोळे मात्र धाकटे दीर आखतात.

सकाळी नेहमीप्रमाणे मी त्यांना अर्धा पेला दारू ओतून दिली. आमच्याकडे ही रीतच पडली होती. उठल्यावर त्यांचा हात थरथरायचा, पेला पोटात गेला की स्थिर व्हायचा. आखणीच्या दिवसांत बाटली माझ्या ताब्यात असायची, म्हणजे जास्त पिणार नाहीत. मला ती हुशारी वाटायची.

त्या दिवशी हात स्थिर झाला नाही. पहिल्याच मूर्तीच्या डोळ्याची रेघ गालावर उतरली.

"वहिनी, आजून थोडी वत ना गो."

"आधी उजेडात या."

दारात आणून पाहिलं. डोळ्यांतलं पांढरं पीतांबराच्या रंगाइतकं पिवळं. सुजलेल्या पायावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. हातांच्या काटक्या, आणि पोट तेवढं पुढे आलेलं.

"बघतेस काय? पोट काय फक्त गणपतीलाच असावं?" ते हसले. मी हसले नाही.

रिक्षा करून पेणला नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. वर्षानुवर्षांच्या दारूनं लिव्हर कडक झालंय, पोटात पाणी साठलंय, म्हणाले. दारू सुटली नाही तर वाचणं कठीण.

"पण घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. उद्या सकाळी खाट रिकामी होतेय, ॲडमिट करा." सकाळच्या पेल्याचं दीर बोलून गेले होते; त्यावर विचारलं, "सकाळची दारू कोण देतं?"

"मी," मी सांगितलं.

घरी नवरा म्हणाला, "एकच सकाळ गो. वाटलं तर पेला भरून दे, डोळे होऊ दे, दुपारी ने."

दीर भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होते. त्यांनाही तेच हवं होतं. खरं सांगायचं तर मीही मनात हिशेब केला: चाळीस मूर्ती, चार तास. मग पायावरचा तो खळगा आठवला.

"नाय, सकाळीच न्यायचं," म्हटलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रिक्षा दारात बोलावली. दिरांना आत बसवलं आणि रिक्षातूनच रोह्याला फोन लावला: "गाडी आणा, पण मूर्तींना डोळे नाहीत. आखणारा तुम्हीच बघा."