उद्या भ्यायचं

कोरोनाच्या साथीत मी मोहाडीला राइस मिलच्या खोलीत एकटा अडकलो होतो. घर लांब साताऱ्याकडे. मोबाईलवर येईल तो काढा मी पीत होतो. छातीत जरा धडधडलं की आपलं संपलं, असं वाटायचं.

रोज सकाळी घरोघर तपासत फिरणाऱ्या आशाताई यायच्या. "सारा मसाला तूच पिऊन राहिला, भाजीत काय टाकशील?" म्हणत ऑक्सिजन मोजायची मशीन माझ्या बोटाला लावायच्या. "चांगला आहेस. आता भ्याचं असन तं उद्या मी आल्यावर भे. मधात नाही." आठवीत शाळा सोडलेल्या मलाही हे समजलं. भीती आली की मी तिला सकाळपर्यंत थांबवायचो. सकाळी ती पुष्कळदा यायचीच नाही.

एकदा ताई आल्या त्या दारातच थांबल्या. आदल्या दिवशी त्या ज्या घरी गेल्या होत्या, तिथले दोघे दवाखान्यात होते. पायरीवर बसून त्यांनी मशीन स्वतःच्या बोटाला लावली, हात माझ्याकडे केला आणि डोळे मिटले.

"तूच वाच बाबा. मले पाहवत नाही."

"अठ्ठ्याण्णव आहे, ताई."

"खरं सांगून राहिला, का मले बरं वाटावं म्हणून?"

"खरं."

"अजून एकदा वाच."

मी वाचलं. त्या उठल्या, मास्क सारखा केला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला नेहमीसारखं दारातूनच रागवायला लागल्या. ते ऐकत मी निवांत जेवलो.