भारीतली

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही — ती जाईपर्यंत नाही. मुलांपाशी तर नाहीच. तुमच्यापाशी का बोलतोय, ते मलाही नीटसं ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ जड होते. आणि ही सगळी गोष्ट जिभेचीच आहे — एक माझी, एक माझ्या बहिणीची.

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणत. माझी बाई घाटंजीजवळच्या एका खेड्यात दिलेली होती. मी यवतमाळला, दारूच्या दुकानात मुनशी. हं, दारूच्या. छप्पन साली आमच्या अख्ख्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हा ‘मी दारू पिणार नाही’ हे आम्ही सगळ्यांनी मोठ्यानं म्हटलं होतं. मी तर जरा जास्तच मोठ्यानं. पुढं मॅट्रिक होऊनही नोकरी लागेना, तेव्हा या दुकानात चिकटलो. बाप महिनाभर बोलला नाही. मी म्हणायचो, पिणं वेगळं आणि विकणं वेगळं. स्वतःला पटवायला माणसाला फार हुशारी लागत नाही.

मुद्द्यावर येतो. पण आधी एक शब्द सांगायला हवा, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या भागात बाजारातल्या मालाला दोनच जाती — भारीतला आणि हलका. महाग ते भारी, स्वस्त ते हलकं. मालापुरतं असतं तर ठीक होतं, पण माणसांनाही तेच. आम्ही हलके. कापडाच्या दुकानात आईनं एखाद्या लुगड्याला हात लावला, की दुकानदार तिच्याकडे न पाहताच म्हणायचा, ते राहू दे, तुझ्यासाठी हलक्यातलं काढतो. आई हात मागं घ्यायची. बाई मात्र घ्यायची नाही. ती लहान होती तरी त्या लुगड्यावर हात तसाच ठेवून उभी राहायची, आणि मग आईचा धपाटा खायची. हे मला का आठवतं? आठवतं, एवढंच.

दारूबंदीचा जोर ओसरत होता, परवाने जरा सैल झाले होते, तेव्हाची गोष्ट. साठ साल सरून बरीच वर्षं झाली होती. शेठजींनी कुणाच्या तरी नादानं बियरच्या पेट्या मागवल्या आणि त्या तशाच पडून राहिल्या. मोहाची पिणारा म्हणायचा, हे कडू पाणी कोण विकत घेते? विलायती पिणारा म्हणायचा, एवढ्या स्वस्तात मिळते म्हणजे काही दम नसेल. शेठजी रोज पेट्यांकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. शेठजींची नाही, माझीच. लग्नाच्या मखराला लावतात ती सोनेरी बेगड आणली. निम्म्या बाटल्यांच्या गळ्याभोवती ती गुंडाळली आणि त्यांची किंमत दीडपट केली. उरलेल्या तशाच, जुन्या भावात. एकाच पेटीतल्या, एकाच कारखान्याच्या. फळीवर वर बेगडवाल्या, खाली उघड्या गळ्याच्या. कुणी विचारलं की सांगायचं — वरची भारीतली, खालची हलकी.

काय सांगू तुम्हाला, आठवड्यात फळी रिकामी. कापसाचा अडत्या स्वतःसाठी भारीतली न्यायचा आणि पाहुण्यांच्या ड्रायव्हरसाठी हलकी. कचेरीतले कारकून पगाराच्या दिवशी भारीतली मागायचे आणि महिनाअखेरीला हलकी नेताना सांगायचे, घरी पाहुणे आहेत, त्यांना काय कळतं. जंगलाचा एक ठेकेदार होता, तो तर शपथेवर सांगायचा की हलकीनं त्याचं डोकं धरतं आणि भारीतलीनं धरत नाही. गंमत म्हणजे हलकीसुद्धा खपू लागली. पूर्वी ती नुसती कडू पाणी होती. आता तिच्या डोक्यावर महाग काहीतरी होतं, त्यामुळे ती घेणाऱ्याला आपण पैसे वाचवले असं वाटायचं.

दाम करी काम, म्हणतात. पण मला त्यात कामापेक्षा मजा होती — ही मजाच मला सांगायची आहे, लपवायची नाही. सगळे भारी लोक माझ्यासमोर हलकी प्यायचे, वर जास्तीचे पैसे द्यायचे आणि मिटक्या मारत म्हणायचे, वा, फरक आहे. मी मान डोलवायचो. आईनं मागं घेतलेला तो हात आठवायचा. रात्री अंथरुणावर हसू यायचं मला. वाटायचं, एका कागदाच्या पट्टीवर या सगळ्यांना मी नाचवतोय. शेठजींनी मला गल्ल्यावर बसवलं. मी टेरिलीनचा शर्ट शिवला. बाई तिच्या गावात सांगायची, माझा भाऊ शेठच्या गादीवर बसते.

तर — बाई.

तिला मुतखडा झाला. कंबर धरून बसायची, घाम फुटायचा. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की खडा मोठा आहे, नागपूरला नेऊन काढावा लागेल. कापूस वेचणीचे पैसे तिनं साठवलेले होते, ते नागपूरसाठी बाजूला काढले. जायचं ठरलंही. पण गावच्या कंपाउंडरनं भाऊजींच्या कानात सांगितलं — कशाला पोट फाडता, बियर पाजा, खडा विरघळून जाते. भाऊजी साधा माणूस. ते दुकानापर्यंत आले, आणि बाहेरच उभे राहिले. शेवटी मीच पायरी उतरून गेलो.

त्यांना खड्याची चिंता होतीच, पण आणखी एक होती. बाई दारूला शिवायची नाही. दीक्षेत शब्द दिलाय, म्हणायची. मग त्यांनीच एक तोड काढली होती. माझ्या दुकानात ऐकलेल्या दोन शब्दांवरून काढली होती, म्हणून म्हणतो — तोड त्यांची, पण माल माझा. ते म्हणाले, हलकी असते ते दारू. लोक नशेसाठी पितात. भारीतली असते ते दवाई. एवढे पैसे देऊन कोण नशा करते? बाईला हे पटलं होतं. तिचं म्हणणं होतं, आणायची तर भारीतलीच आणा. हलकीनं मी बाटणार नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही? पायरीवर दोघंच होतो. पण आत अडत्या बसला होता, शेठजी गल्ल्याशी होते. मी आत गेलो, बेगडवाल्या बाटल्या पिशवीत घातल्या आणि पूर्ण किंमत घेतली. स्वतःच्या बहिणीच्या दवाईची. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, पुढच्या बाजाराला सांगू. पुढच्या बाजारालाही तेच म्हटलं.

असा उन्हाळा चालला होता. नागपूरचे पैसे बाटलीबाटलीनं माझ्या गल्ल्यात आले. पहिल्या बाटल्यांनी तिला जरा आराम वाटला. भाऊजी हरखले आणि नागपूर पुढं ढकललं. पुन्हा दुखू लागलं, तेव्हा वाटलं, अजून बाटल्या कमी पडल्या.

बुद्धपौर्णिमेला मी तिच्याकडे गेलो. वाळली होती. पण घर सारवलेलं, अंगणात पाण्याचा सडा. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि तसबिरीच्या चौकटीला सोनेरी झालर. मी जवळ जाऊन पाहिलं. माझीच बेगड. प्रत्येक बाटलीची तिनं हळूच सोडवून घेतली होती, नखानं सपाट केली होती आणि कात्रीनं कातरून चौकटीला चिकटवली होती. सुंदर दिसत होती. मला म्हणाली, भारीतल्या मालाचा कागदही भारी असते, फेकवत नाही.

जेवणं झाली. भाऊजी बैल पाजायला गेले. ती दाराशी बसली होती, भिंतीला टेकून. मध्ये एका बाजाराला पैसे कमी पडले म्हणून भाऊजींनी हलकीच नेली होती. बेगड नसल्यामुळे ती तिनं लगेच ओळखली, पण दुखणं फार होतं म्हणून नाक दाबून प्यायली. ते सांगताना तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. मग बघितलं, आणि म्हणाली,

“श्रावण, मले दोन्हीचा सवाद एकच लागला रे. दोन्ही एकच तर नाहीत ना? तसं असन तर सांग. अजून थोडे पैसे हायत. मी नागपूरले जातो.”



अडत्याला कळलं नाही. ठेकेदाराला कळलं नाही, कारकुनांना नाही, शेठजींच्या एकाही गिऱ्हाइकाला नाही. जन्मात दारूला न शिवलेल्या माझ्या बाईला दोन बाटल्यांत कळलं. आणि ती भांडत नव्हती. विचारत होती. तिथं शेठजी नव्हते, अडत्या नव्हता. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं मला. एक अक्षर. त्या एका अक्षराला जागा तिनंच करून दिली होती.

मी म्हणालो,

“नाही, बाई. आपल्या जिभीले भारीची सवय नाही. म्हणून तसं लागते.”

हे मी म्हणालो. मी. कापडाच्या दुकानातला तो माणूस नव्हे. त्यानंसुद्धा लुगडंच बाजूला केलं होतं. जिभेपर्यंत तो कधी पोचला नव्हता. मला लाज वाटली होती का? हो, पण ती खोटं बोलण्याची नव्हती. गादीवर बसणारा भाऊ बेगड चिकटवून पैसे कमावतो, हे तिला कळेल, याची ती लाज होती. तिच्या डोळ्यांत मला भारी राहायचं होतं. त्यासाठी मी तिला हलकं केलं.

ती हसली. खरंच, हसली. म्हणाली, “थे बी खरंच हाय. आपल्याले कुठून असन सवय.” आणि तिनं गुडघ्यावर ठेवलेला हात उचलून पदराखाली घेतला. अगदी आईसारखा.

उरलेल्या पैशांच्या बाटल्या मीच दुकानातून काढून दिल्या. भारीतल्या.

आषाढात तिला ताप भरला, उतरेना. बैलगाडीनं घाटंजी, तिथून मोटारीनं यवतमाळ, तिथून नागपूर. मी सोबत होतो. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन जरा चिडूनच विचारलं — आत पू झालाय, आधी का नाही आणलं? कुठं थांबला होता इतके दिवस? भाऊजी म्हणाले, दवाई चालू होती, साहेब. मग भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. आरोप म्हणून नाही हो. साक्ष म्हणून. मी दवाईबद्दल चार शब्द सांगेन, म्हणून. मी खाली पाहिलं.

ती पुन्हा शुद्धीवर आली नाही.

आधी नेलं असतं तर वाचली असती का? असेलही, नसेलही. पुष्कळ वर्षं मी या ‘नसेलही’च्या आडोशाला बसलो. आता उठलोय तिथून. ती वाचली असती की नाही, हा डॉक्टरांचा प्रश्न. तिनं मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मला ठाऊक होतं.

दुकान मी पुढं सोडलं, पण लगेच नाही — आणखी दोन उन्हाळे बेगड चिकटवली. हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी तडक निघून गेलो. भाऊजी स्वतः जाईपर्यंत मला मानानं वागवायचे. कुणालाही सांगायचे, याच्या बहिणीसाठी यानं भारीतली दवाई पुरवली.

गेल्या वर्षी भाचीकडे, बाईच्या मुलीकडे गेलो होतो. तिचं आता पक्कं घर आहे. भिंतीवर तीच तसबीर. चौकट नवी, पण झालर तीच — जुन्या चौकटीवरून जपून काढून नवीवर बसवलेली. सोनेरी रंग बराच उडालाय, खालचा कागद दिसतो. भाचीची सून मला पाणी घेऊन आली. तिनं मी बघतोय ते पाहिलं आणि भाचीला विचारलं, हे असं जुनं कशाला ठेवलं, नवं लावू ना.

भाची म्हणाली, “राहू दे. आईनं लावलेलं हाय. मामानं आणलेल्या दवाईचं. असली माल हाय थो.”

मी पाणी प्यायलो. पेला खाली ठेवला. आणि म्हणालो, हो, असली आहे.