हरणीची पाठ

“...आन् जो हरला त्यानं आपला रोबो आपल्या हातानं पुसायचा. माझ्या वर्गात मेलेला रोबो कुनी सांभाळत न्हाई. कळलं का, हर्षाली?”

“व्हय मॅडम.”

“आन् एकदा लढत सुरू झाली की कीबोर्डला हात लावायचा न्हाई. सांगायचं ते आधी सांगून ठेवायचं.”

अंजना मॅडमचा कॉम्प्युटर क्लास आळेफाट्याला, खताच्या दुकानावरच्या माडीत. साल दोन हजार चार. फवारणीच्या औषधांचा उग्र वास जिन्यानं वर यायचा, त्यातच शिकणं. बाकीचे क्लासवाले फळ्यावर प्रोग्राम लिहायचे आणि पोरं उतरून घ्यायची. मॅडम मात्र झुंज लावायच्या. स्क्रीनवर चौकोनी आखाडा. त्यात ज्याचा त्याचा रोबो, म्हणजे नखाएवढा रंगीत ठोकळा. त्याला आधीच लिहून द्यायचं: भिंत आली तर वळ, कुणी दिसलं तर गोळी घाल, गोळी लागली तर त्या बाजूला तोंड कर. बटण दाबलं की ठोकळा आपल्या जिवावर.

मॅडम मूळच्या पेठच्या. बाप गेल्यावर घोडेगावच्या कचेरीत जाऊन त्यांनी भावाला जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलं. भैनीनं जमीन मागितली की माहेर तुटतं, असं सगळ्या भावकीनं पढवलं होतं. भावानं, संपतनं, साडी नेसवली. दोन वर्षांनी नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा बाई पिशवी घेऊन माहेरी आल्या. संपतनं चहा पाजला आणि विचारलं, “ताय, परतीची गाडी कितीला हाय?” बाई त्याच गाडीत बसल्या ते थेट पुण्याला. तिथं एका क्लासात झाडू मारता मारता कॉम्प्युटर शिकल्या. फाट्यावर येऊन बसल्या त्या वाळल्या मिरचीसारख्या होऊन.

ह्या लढतीत जो जिंकेल तो सकाळची बॅच शिकवणार, पगारावर. हर्षालीला ती जागा हवीच होती. बापानं सांगून ठेवलं होतं, “पगार लागला तर थांबतो. न्हाई तर तुळशीचं लगीन झालं की बार उडवून देतो.” ओतूरचा बिजवर बघूनही ठेवला होता.

तिचा रोबो हरणी. वर्गात तिच्या तोडीचा एकच, चुलतभाऊ समर्थचा सर्जा. दोघं एकाच एस्टीनं यायची, एकाच डब्यात जेवायची. तिनंच ठरवलं, “दादा, आपन आपल्यात मारायचं न्हाई. आधी बाकीच्यांना उडवू.” समर्थ म्हणाला, “असं कसं मारीन, येडे?” तिनं प्रोग्राममध्ये ओळ घातली: समोर सर्जा दिसला तर गोळी घालू नको, तोंड फिरव.

आदल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांचे प्रोग्राम तपासले. हर्षालीची ती ओळ वाचली. समर्थचाही प्रोग्राम वाचला. त्यात तसली ओळ नव्हती.

“मॅडम, माझ्यात काय चुकलंय का?” हर्षालीनं विचारलं.

“न्हाई. तू सांगितलंस तेच करील.”

लढत लागली. हरणीनं एकेक करून चौघांचा खुर्दा केला. सर्जा कोपऱ्यात दबून बसला होता. आखाड्यात दोघंच उरली, आणि सर्जानं पहिली गोळी घातली. हरणीनं गर्रकन् तोंड केलं, सर्जा ओळखला, आणि पाठ फिरवली. पाठीत दुसरी. परत वळली, ओळखलं, पाठ. परत गोळी.

“आरं, हरणी लाजतीया!” मागून कोणीतरी ओरडलं. सगळी माडी हसली.

हर्षालीचा हात कीबोर्डकडं गेला. मॅडमनी मनगट धरलं. शेवटची गोळी बसून ठोकळा विझेपर्यंत सोडलं नाही.

“दादा?” हर्षाली म्हणाली.

“खेळच हाय की,” समर्थ बुटाकडं बघत म्हणाला.

“मॅडम, पुन्हा लावा. ती एक ओळ काढते. एकच.”

“दुसरी लढत नसती.”

“तुमाला ठावं व्हतं. वाचलं व्हतं तुमी.”

“व्हय.”

“मग सांगितलं का न्हाई?”

“मला कुनी सांगितलं व्हतं?” मॅडम म्हणाल्या. “पूस.”

पोरीनं पुसलं. महिन्याची मेहनत, एक बटण. मग दप्तर उचललं आणि जिना उतरली. खाली ओतूरची गाडी लागली होती. कंडक्टर तेच नाव ओरडत होता.

मॅडमनी क्लासची किल्ली समर्थपुढं टाकली. “उद्या सातला उघडायचं. आन् माझ्याकडं पाठ करून कधी बसायचं न्हाई, मी बी तुझ्याकडं करनार न्हाई.”

मग फडक्यानं हर्षालीचा कीबोर्ड पुसला, खुर्ची आत सारली आणि जिन्यात तोंड घालून हाक मारली, “टायपिंगच्या बॅचवाले, या वर! चपला खालीच ठेवा.”