नवसातले मासे

मला कॅन्सर झाला म्हणताच सासूबाई ग्रामदेवतेला नवस बोलून मोकळ्या झाल्या: सून बरी होईपर्यंत तिला मासे बंद. तिला म्हणजे मला! मला कोणी विचारलंसुद्धा नाही. दुखणं माझं, केमो माझी आणि बांगडाही माझाच गेला.

बरं, दुसरं काही घशाखाली उतरेल तर शपथ. डाळ नको, अंड्याचा वास नको. घरचे आपले पेज पाजतायत. वजन उतरायला लागलं.

आमच्याकडे कॅन्सरचे डॉक्टर बाहेरगावाहून येतात नि जातात. एरवी केमोच्या खोलीत राज्य सिस्टरचं. सुई त्यांनी लावायची, डॉक्टरांना फोन करून उलटीची गोळी त्यांनी बदलून घ्यायची आणि आमच्यावर ओरडायचंही त्यांनीच. वजनकाट्याकडे बघून त्या म्हणाल्या, "ताई, आणखी उतरलात तर पुढची केमो लांबणार. खाता तरी काय?"

मी नवसाचं सांगितलं. वाटलं, हसतील. पण बाई पाली गावाकडच्या, नवस-गाऱ्हाण्यांत वाढलेल्या; देवाशी कसं बोलायचं ते त्यांना ठाऊक. सासूबाईंना आत बोलावून म्हणाल्या, "आजी, ही मासेच खाईल तर खाऊ दे. देवाला गाऱ्हाणं घाला, हिचं पथ्य घरातलं दुसरं कोणी पाळेल म्हणून."

आईमागोमाग आत आलेला माझा नवरा लगेच पंख्याकडे बघायला लागला. मेला!

"मी पाळते," सासूबाई म्हणाल्या. मी थक्क. ही बाई सोमवारच्या उपासाला मंगळवारचा बांगडा ठरवते!

देवळात गाऱ्हाणं झालं आणि घरात नारळाच्या रसातलं, बिनतिखटाचं कालवण शिजलं. "मीठ बरोबर आहे ना गो?" त्यांनी विचारलं. त्यांना चाखता येईना, आणि केमोने माझ्या जिभेला काही कळेना. "फस्क्लास!" म्हटलं आणि पुन्हा भात घेतला. मागाहून नवरा जेवायला बसला तो पहिल्या घासालाच ओरडला, "आई, समुद्र ओतलास की काय?" आम्ही दोघी हसून हसून बेजार. तेव्हापासून चाखायचं काम त्याच्याकडे.

पुढच्या खेपेला सिस्टरनी काटा बघितला, मान डोलावली आणि सलाईन लावलं. केमो वेळेवर सुरू झाली. सासूबाई उशाशी बसल्या होत्या.

"लवकर बरी हो गो बाय," त्या हळूच म्हणाल्या, "सुरमई आठवून जीव जातोय माझा."

मला रडूच फुटलं. "ताई, सुईचा हात हलवू नका!" सिस्टर ओरडल्या. मग दुसऱ्या हाताने मी सासूबाईंचा पदर ओढला आणि त्यालाच नाक पुसलं.